काकांच्या दवाखान्यात बसू का?

प्रश्न असा आहे. इंटर्नशिप नुकतीच संपवलेली एक मुलगी विचारते, "डिलाइल रोडला माझ्या काकांचा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे. गुडघ्यांमुळे त्यांना आता दोन्ही वेळा बसणं होत नाही. घरचे म्हणतात, 'नीट-पीजी' या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी कर, नुसत्या एमबीबीएसला कोण विचारतं? बॅचमधले म्हणतात, मुंबईतला फॅमिली डॉक्टर संपला. मला मात्र हेच काम आवडतं. काकांच्या जागी बसू का?"

तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून 'तू'च म्हणते.

बस. पण काकांनी ज्या हिशेबावर इतकी वर्षं काढली तो हिशेब आता मोडला आहे. तो कुठे मोडला हे समजून बस, नाहीतर दोन वर्षांत कंटाळून पुन्हा पीजीच्या क्लासला नाव घालशील.

मी १९८७ पासून लालबागला दवाखाना चालवते. त्याआधी दोन वर्षं परळच्या एका वयस्क डॉक्टरांकडे असिस्टंट होते. ते एलसीपीएस होते. १९१२ साली मुंबईत स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचे लायसेन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी परवान्यावर डॉक्टरकी करणारे. १९४६ च्या, आरोग्यसेवेचा विचार करणाऱ्या सरकारी भोर समितीनं सगळ्या डॉक्टरांना एकच पदवी असावी असं सुचवलं आणि पुढे हे लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद होत गेले, पण गिरणगावातले बरेच दवाखाने तेव्हा अशाच जुन्या लोकांच्या हातात होते. सरांकडे लाकडी पार्टिशन, त्यामागे कंपाउंडर, त्याच्यासमोर मिक्स्चरच्या मोठ्या बरण्या. पेशंट घरून बाटली घेऊन यायचा. कंपाउंडर बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचा, तिला डोसाप्रमाणे कात्रीनं खाचा पाडलेल्या. सोबत तीन दिवसांच्या पुड्या. जाताना पेशंट विचारायचा, "औषधाचे किती झाले?"

हा प्रश्न लक्षात ठेव. तपासण्याचे किती, असं इतक्या वर्षांत मला कुणी विचारलेलं आठवत नाही. सरांनी वीस मिनिटं छाती ऐकली, घरात कुणाला खोकला आहे का विचारलं, बिडी सोडायला सांगितली, पुढच्या बुधवारी यायला बजावलं, आणि या सगळ्याचे पैसे गोळीच्या नावावर घेतले. आम्ही पिढ्यान् पिढ्या आमचा सल्ला पुडीत बांधून विकला. औषध फक्त दवाखान्यात मिळत होतं तोपर्यंत ते निभावलं. आता औषध कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतं, मोबाइलवर मागवलं की घरी येतं. पुडी गेली आणि तिच्यात बांधलेला सल्ला उघड्यावर पडला. त्याची किंमत मागायची सवय आम्हाला नाही आणि द्यायची सवय पेशंटला नाही. जनरल प्रॅक्टिसपुढच्या ज्या अडचणी लोक मोजून दाखवतात, त्यांतल्या बऱ्याच मला या एका गाठीपाशी येऊन थांबताना दिसतात.

सरांचा सल्ला काय तोलाचा होता, ते सांगते. गिरणीत कापूस पिंजतात त्या कार्डिंग खात्यातला एक कामगार यायचा. छाती भरते, धाप लागते, पण मंगळवार-बुधवारपर्यंत बरं वाटतं. मी दम्याच्या गोळ्या लिहायला निघाले होते. सरांनी त्याला एवढंच विचारलं, "सुट्टीनंतर पाळीवर गेलास की त्रास होतो का?" सोमवारी छाती आवळते, आठवडा सरताना सैल होते. कापसाच्या धुळीचा रोग, बायसिनोसिस. पुस्तकात मी तो वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. समोर बसलेला मात्र ओळखता आला नाही, कारण हा माणूस कुठल्या खात्यात काम करतो हे मी विचारलं नव्हतं. सरांना ते विचारावं लागलं नाही. त्यांना त्याचं खातं, त्याची चाळ, गावी पाठवलेली बायको, सगळं ठाऊक होतं.

याच गिरणगावात सल्ल्याचे पैसे वेगळे देणारी एक व्यवस्थाही होती, हे आता फार कुणाला आठवत नाही. कामगार राज्य विमा योजनेत मुंबईत पॅनल डॉक्टर असायचे. खाजगी दवाखानेवालेच, पण विमा कार्ड असलेली कामगार कुटुंबं त्यांच्या नावावर नोंदलेली असायची आणि डॉक्टरला दर कार्डामागे ठरावीक रक्कम मिळायची. पेशंट दहा वेळा आला काय नि एकदाही आला नाही काय, पैसे तेवढेच. त्यात दोष भरपूर होते. रांगा लांब, तपासणी घाईची, आणि खोट्या सिक सर्टिफिकेटांचा बाजारही काही ठिकाणी चालायचा. तरी त्या पद्धतीत एक गोष्ट बरोबर होती: पेशंट बरा राहिला तर डॉक्टरचं नुकसान नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, नोकरीबरोबर विम्याची कार्डंही गेली. (संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत हे स्वतः घाटकोपरला दवाखाना चालवणारे डॉक्टर. दगडखाणीतले मजूर त्यांचे पेशंट होते, आणि युनियनच्या कामाकडे ते त्या पेशंटांमुळे वळले. माणसाचं दुखणं आणि त्याची मजुरी वेगळी करता येत नाही, हे या भागातल्या डॉक्टरला कुणी शिकवावं लागत नाही.) मी बसले तेव्हा समोर बेकार कामगार होते, आणि त्यांच्या बायका, ज्या खानावळी आणि मसाल्याच्या कामावर घर चालवत होत्या. उधारीची वही माझ्या केसपेपरांपेक्षा जाड होती.

आता काय बदललं ते बघ. सगळ्यात आधी घरं हलली. चाळी पाडून टॉवर आले. जुन्यांतले काही वर गेले, काही मेंटेनन्स परवडत नाही म्हणून खोली विकून बदलापूर, नालासोपारा, डोंबिवलीला गेले. वर नवीन राहायला आलेली माणसं ताप आला की थेट मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत जातात. काकांचे पेशंट तुला वारशात मिळतील असं धरून चालू नकोस. पण गेलेले पूर्ण जात नाहीत, हाही माझा अनुभव आहे. अजूनही शनिवारी संध्याकाळी विरार-बदलापूरहून लोकल पकडून माझ्याकडे येणारी कुटुंबं आहेत. मी विचारलं, तिकडे डॉक्टर नाहीत का? एक मावशी म्हणाल्या, "आहेत की. पण त्यांना सुरुवातीपासून सगळं सांगावं लागतं." याहून स्पष्ट शब्दांत फॅमिली डॉक्टरचं काम मला कुणी सांगितलेलं नाही.

लांब गेलेल्यांशी फोनवर बोलणं आता कायद्यात बसतं. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. ती मुळातून वाच. पहिल्यांदाच भेटणाऱ्याला नुसत्या मेसेजवर काय देता येतं, व्हिडिओवर काय, आधी तपासलेल्याला फोनवर काय चालू ठेवता येतं, याच्या याद्या त्यात आहेत. झोपेच्या आणि नशेकडे नेणाऱ्या बहुतेक औषधांना मनाई आहे. आणि त्या बोलण्याची नोंद ठेवावीच लागते. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर पुरळाचा फोटो येतो, खाली 'डॉक्टर काय लावू?' त्याला फुकट उत्तर देत गेलीस तर पाच वर्षांत थकशील, आणि उत्तर न देता बसलीस तर पेशंट केमिस्टकडे जाऊन स्टेरॉइडचं मलम आणेल. मी सांगून टाकलंय: दुपारी तीन ते चार फोनची वेळ, त्याची फी वेगळी, आणि जे बघायलाच हवं ते बघितल्याशिवाय सांगणार नाही. सुरुवातीला लोक नाराज झाले. आता तीनला फोन वाजायला लागतो.

दुसरं म्हणजे, वाट बघण्याची मुभा गेली. हे जरा सविस्तर सांगते, कारण हॉस्पिटलात हे तुला शिकवलेलं नाही. केईएमच्या वॉर्डात पेशंट येतो तेव्हा आजारानं आपलं नाव सांगितलेलं असतं. आपल्याकडे तो पहिल्या दिवशी येतो. कणकण आहे, अंग मोडून आलंय, घसा थोडा लाल. तो फ्लू असेल, मलेरिया असेल, डेंग्यू असेल, जुलै-ऑगस्टात लेप्टो (उंदरांच्या लघवीमुळे साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) असेल, किंवा काहीच नसेल. यातल्या बऱ्याच जणांना पॅरासिटामॉल, पाणी आणि परवा परत येणं एवढंच लागतं. वेळ हीच आपली तपासणी. पण ती तपासणी फुकट असते आणि पेशंटला ती तपासणी वाटतच नाही. त्याला सुई हवी असते. "बाई, एक सुई मारा, उद्या ड्युटी आहे." ही मागणी खोटी नाही. रोजंदारीवाल्याचा एक दिवस जाणं म्हणजे काय, हे तुझ्यापेक्षा त्याला कळतं. त्याला नकार देताना चिडू नकोस. सुईनं ताप आज उतरेल पण आजार जितके दिवस राहायचा तितके राहील, हे दोन वाक्यांत समजावायचं, आणि परवाची वेळ कागदावर लिहून द्यायची. अझिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकची तीन दिवसांची पट्टी लिहून मोकळं होणं सोपं असतं. अँटिबायोटिकांच्या अशा सोप्या रस्त्यानं गेल्यामुळे जंतू औषधांना दाद देईनासे झाले, आणि आज साध्या लघवीच्या संसर्गालाही कधी कधी गोळी सापडत नाही.

डेंग्यूचंच घे. लोकांचा सगळा जीव प्लेटलेटच्या आकड्यात अडकलेला असतो. रोज लॅबचा माणूस घरी, रोज पपईच्या पानांचा रस. खरा धोका बहुतेकदा ताप उतरतो त्या सुमारास असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, जेव्हा रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. घरचे म्हणतात ताप गेला, बरा झाला, आणि नेमक्या त्याच दिवशी पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार, लघवी कमी असं सुरू होतं. प्लेटलेट किती आहेत यापेक्षा हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतोय का, नाडीचा दाब (वरच्या-खालच्या ब्लडप्रेशरमधलं अंतर) कसा आहे, हे बघायचं असतं. माझ्या वहीत पावसाळ्यात प्रत्येक तापाच्या पेशंटपुढे चौथ्या दिवसाची खूण असते. त्या दिवशी माझी कंपाउंडर फोन करते: लघवी झाली का, पोट दुखतं का, बसल्यावर चक्कर येते का. हे तीन प्रश्न विचारायला मशीन लागत नाही. लागतो तो एक दवाखाना, ज्याला तापाचा पहिला दिवस माहीत आहे.

लेप्टोचं तसंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोचे पेशंट आले. तेव्हापासून पावसाळ्यात तापाच्या पेशंटला मी पहिला प्रश्न विचारते, "साचलेल्या पाण्यातून चाललास का? पायाला जखम होती का?" दादरच्या हिंदमाता चौकात गुडघाभर पाणी साचलं की दुसऱ्या दिवशी त्या वाटेनं चालत आलेल्यांना लेप्टो टळावा म्हणून डॉक्सिसायक्लिन द्यायचं की नाही हे मी त्या दोन उत्तरांवर ठरवते. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ते नाही, हे मात्र गर्दीतही विसरायचं नाही.

आता आमच्या पिढीची चूक सांगते, कारण ती तुझ्याही वाट्याला येणार आहे. १९९१ साली मुंबईच्या झोपडपट्टीतल्या खाजगी डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभर डॉक्टरांनी टीबीसाठी मिळून ऐंशी वेगवेगळ्या पद्धतीची औषधं लिहिली होती. वीस वर्षांनी, २०१० मध्ये, तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला: १०६ डॉक्टर, ६३ वेगवेगळी प्रिस्क्रिप्शनं, बरोबर फक्त सहा. ते डॉक्टर कुणी परके नव्हते, आम्हीच होतो. मी स्वतः नव्वदच्या दशकात महिनाभर खोकणाऱ्या एका बाईला क्विनोलोन जातीचं अँटिबायोटिक दिलं. तिला बरं वाटलं, मलाही बरं वाटलं. दोन महिन्यांनी ती वजन उतरून आली आणि बेडक्यात टीबीचे जंतू सापडले. ही औषधं टीबीला अर्धवट दाबतात आणि निदान लांबवतात. त्या दोन महिन्यांत तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत तीन मुलं झोपत होती. पुढे त्यांतल्या एकाला टीबी झाला. ते माझ्या गोळ्यांमुळे लांबलेल्या निदानातून झालं असावं असं मी आजही धरते.

म्हणून दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर क्विनोलोनला हात लावायचा नाही, आधी बेडका सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या चाचणीला. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालतं की नाही हेही त्याच चाचणीत कळतं. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं बंधनकारक आहे, निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद होते, आणि तुझ्या खाजगी पेशंटलाही सरकारी औषधं फुकट मिळू शकतात. घरच्यांची भीती वेगळी असते. "पोरीचं लग्न व्हायचंय, नाव कुठे लिहू नका." त्यांना ओरडू नकोस. नाव वस्तीत जाहीर होत नाही, घरी येणाऱ्या कार्यकर्तीला दवाखान्यातच भेटायला सांगता येतं, हे समजावलं की बहुतेक घरं तयार होतात. सहा महिने ती मुलगी दर महिन्याला तुझ्याकडे वजनकाट्यावर उभी राहील हे बघ. कोर्स मधेच सुटणं हे टीबीतलं सगळ्यात मोठं संकट आहे, आणि ते रोखायला घराजवळचा, उशिरापर्यंत उघडा असलेला दवाखाना मोठ्या हॉस्पिटलापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

साखर आणि ब्लडप्रेशर ही पुढच्या तीस वर्षांची प्रॅक्टिस. इथे तुझी खरी किंमत आहे. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्या आजी श्रावणी सोमवार करतात, नवरात्रात नऊ दिवस उपास करतात. सकाळची गोळी नेहमीप्रमाणे, जेवण नाही, दुपारी घाम येऊन चक्कर. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, मग साखर तीनशे. रिपोर्ट बघणाऱ्याला नुसती वरखाली होणारी साखर दिसते, आणि तो गोळी वाढवतो. तुला पंचांग दिसलं पाहिजे. मी आषाढ संपता संपता अशा सगळ्या आजींना बोलावून उपासाच्या दिवसांचा डोस लिहून देते. "उपास करू नका" म्हणून चालत नाही, त्या करणारच असतात, फक्त तुला सांगायच्या बंद होतील. घरात स्वयंपाक कोण करतं, मीठ कोण टाकतं, लोणचं-पापड ताटात कुणाच्या हट्टानं येतं, हे कळल्याशिवाय ब्लडप्रेशरची तिसरी गोळी लिहू नकोस.

कायद्याचं आता. १३ नोव्हेंबर १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. त्यानं डॉक्टर आणि पेशंटचं नातं बिघडलं असं माझे काही समवयस्क म्हणतात. मला ते पटत नाही. केसपेपर नीट लिहायला आम्हाला त्या निकालानं शिकवलं, आणि आधी आम्ही लिहीत नव्हतो ही आमची चूक होती. बिघडलं ते भीतीमुळे: नको त्या तपासण्या, चटकन वर पाठवून मोकळं होणं, घरी जाऊन बघणं बंद करणं. इन्डेम्निटी विमा (पेशंटनं दावा लावला तर भरपाई देणारा) काढ, सुया आणि कापसाच्या विल्हेवाटीचा करार कर, नोंदी दोन ओळींच्या का होईना पण रोज लिही, आणि मग निर्धास्त बस.

घरी जाणं मात्र सोडू नकोस. का, ते एका रात्रीवरून सांगते. पहाटे तीनला फोन आला. जुन्या चाळीतले आजोबा, आता बावीसाव्या मजल्यावर, झोपेतच गेले होते. घरच्यांना मृत्यूचा दाखला हवा होता, फॉर्म चार-ए. त्याशिवाय स्मशानात पुढचं होत नाही. मी त्यांना आठ महिन्यांपूर्वी बघितलं होतं. मृत्यूचं कारण म्हणून मी काय लिहिणार? आठ महिने न बघितलेल्या माणसाच्या मरणाचं कारण सहीनं सांगणं खोटं, आणि नाही म्हटलं तर पोलीस, शवविच्छेदन, ऐंशीच्या माणसाची फरफट. त्या रात्री मी गेले. अंगावर काही खुणा नाहीत हे बघितलं, मधल्या काळातले हॉस्पिटलचे कागद त्यांनी काढून दिले, हृदयाच्या आजाराची नोंद स्पष्ट होती, म्हणून सही करता आली. कागद नसते तर मी केली नसती, आणि त्या घराशी पस्तीस वर्षांचं नातं त्या दारात संपलं असतं. तेव्हापासून अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक पेशंटला महिन्यातून एकदा घरी जाऊन बघते. फी घेते, तारीख घालून नोंद करते, बेडसोर बघते, लघवीची नळी बघते, आणि सेवा करणाऱ्या सुनेचंही ब्लडप्रेशर घेते, कारण तिचं कुणी घेत नाही. टॉवरांमध्ये अशी म्हातारी माणसं मजल्या-मजल्यावर आहेत. मुलं परदेशी किंवा पुण्याला. या कामाला माणसं मिळत नाहीत.

पैशाचं स्पष्ट बोलते, कारण ते कुणी बोलत नाही. दवाखाना उघडलास की महिन्याभरात लॅब आणि स्कॅन सेंटरची माणसं येतील. प्रत्येक पाठवलेल्या पेशंटमागे इतके, पाकीट महिनाअखेर. हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे, महाराष्ट्रात २०१७ मध्ये त्याविरुद्ध वेगळ्या कायद्याचा मसुदाही झाला. पण नियमापेक्षा महत्त्वाचं असं की, सल्ल्याची किंमत पेशंटकडून समोरून मागायला लाजणारा डॉक्टर ती मागच्या दारानं घेतो, आणि मग त्याचा सल्ला विकला गेलेला असतो. मी १९९० च्या सुमारास पहिलं पाकीट परत केलं तेव्हा आणणारा मुलगा गोंधळून गेला होता. त्यानंतर मी माझ्या पावतीवर दोन ओळी छापून घेतल्या: तपासणी आणि औषध. काही वेळा दुसऱ्या ओळीत शून्य असतं. पहिल्यांदा शून्य लिहिलं तेव्हा पेशंटनं विचारलं, "मग पैसे कसले?" मी म्हटलं, "औषध लागत नाही हे शोधायचे." तो देऊन गेला, आणि पुढच्या महिन्यात आईला घेऊन आला.

कोविडनंतर मी आणखी एक केलं. साखर-ब्लडप्रेशरच्या घरांसाठी वार्षिक वही. वर्षाची एक रक्कम, त्यात ठरलेल्या तपासण्यांच्या भेटी, दुपारचे फोन, उपासाच्या दिवसांचं नियोजन, आणि एक घरभेट. पॅनल डॉक्टरच्या जुन्या पद्धतीतलं जे चांगलं होतं तेच हे. सगळ्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी नेहमीची फी आहेच. ज्यांना तीही जड जाते त्यांना रक्ताच्या तपासण्यांसाठी मी बिनदिक्कत महापालिकेच्या 'आपला दवाखाना'त पाठवते. २०२२ पासून ते सुरू झालेत, रात्री दहापर्यंत उघडे असतात, चाचण्या मोफत. काही डॉक्टर त्यांना स्पर्धक समजतात. पेशंटचे वाचलेले पैसे औषधाला लागतात, एवढं मला पुरतं. विम्याचं मात्र उलटं आहे. सरकारी योजना असो की कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी, बहुतेक पैसे भरती झाल्यावरच मिळतात, म्हणून चांगली चालती-बोलती माणसं म्हणतात, "बाई, दोन दिवस ॲडमिट करायची चिठ्ठी द्या." देऊ नकोस.

आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर ॲलोपॅथीची औषधं देतात त्याबद्दल तुझे मित्र काय बोलतात ते मला ठाऊक आहे. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्याची औषधं देऊ नयेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, सर्वोच्च न्यायालयानंही १९९६ मध्ये हेच सांगितलं. पण मुंबईतल्या कितीतरी नर्सिंग होममध्ये रात्रपाळी हीच मुलं करतात आणि जिथे एमबीबीएस बसायला तयार नाही त्या वस्त्यांत दवाखाना यांचाच उघडा असतो. राग धरण्याआधी तिथे जाऊन बस.

आणि शिक. डीएनबी फॅमिली मेडिसिन हे पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचं आहे. जमलं तर ते कर, पीजीचा घरच्यांचा आग्रहही पुरा होईल. तोवर पहिलं एक वर्ष काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बस. त्यांच्या डोक्यात असलेली घरं कागदावर उतरवून घे: कोण कुणाचं, कुणाला कसली ॲलर्जी, कुणाच्या घरात दारू आहे, कुणाचं बाळ गेलं होतं. हे ते सहज सांगणार नाहीत, पेशंट समोर आला की आठवत जाईल, तेव्हा लिही. पेशंटच्या परवानगीनं लिही आणि कुलपात ठेव. काकांच्या कंपाउंडरला काढू नकोस, उलट त्याला ब्लडप्रेशरचं नवीन मशीन शिकव. अर्ध्या पेशंटांना तोच ओळखतो. आणि जागा पागडीची असेल तर भाडेपावती कुणाच्या नावावर आहे, ती तुझ्या नावावर कशी होईल, हे पुनर्विकासाची नोटीस येण्याआधी वकिलाला विचारून घे. डिलाइल रोडला ती कधीही येऊ शकते.